ओसोग्बो : अडुन्नीच्या घरापासून ओशुनच्या देवराईपर्यंत

नैर्ऋत्य नायजेरियातलं ओसोग्बो बरेच जण एका दिवसात उरकतात. लागोसहून पहाटे निघायचं, दुपारी ओशुन या नदीदेवीच्या देवराईत दोन तास फिरायचं, नदीकाठच्या मूर्तीपुढे फोटो काढायचे आणि रात्रीच्या आत परत. एवढ्या वेळात डोळ्यांत भरतात ती सिमेंटची अजस्र शिल्पं, आणि ‘ऑस्ट्रियाच्या एका बाईंनी जंगलात हे सगळं उभारलं’ एवढंच लक्षात राहतं. हे अर्धवट आहे. त्या बाई म्हणजे सुझान वेंगर, गावच्या अडुन्नी. त्या 1915 साली ग्राझमध्ये जन्मल्या, व्हिएन्नात चित्रकला शिकल्या, 1950 साली पती उली बायर यांच्याबरोबर इबादानला आल्या आणि 2009 च्या जानेवारीत, 93 व्या वर्षी, ओसोग्बोतच वारल्या. या जवळजवळ साठ वर्षांतली पहिली काही वर्षं त्या शिकत होत्या, आजारी होत्या, गावं बदलत होत्या. देवराईचं काम त्यानंतरचं. म्हणून या सहलीचा क्रम मुद्दाम असा लावला आहे: आधी शेजारचं एडे गाव, मग त्यांचं ओसोग्बोतलं घर, मग देवराई.

निघण्याआधी

पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान 10 दिवस आधी घ्यावी लागते. प्रमाणपत्र दहाव्या दिवसापासून लागू होतं आणि आयुष्यभर चालतं. नायजेरियात शिरताना ते पिवळं कार्ड बघतात. पण खरी अडचण परतताना होते. कार्ड नसेल, तर भारतात उतरल्यावर सहा दिवस विलगीकरणात काढावे लागू शकतात. हिवतापाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून आधीच सुरू कराव्यात. देवराई नदीकाठी आहे, त्यामुळे डासांना तोटा नाही. तिथले प्लग ब्रिटिश पद्धतीचे, तीन चौकोनी पायांचे.

ऋतू नोव्हेंबर ते मार्च. डिसेंबर-जानेवारीत सहारातून येणाऱ्या हरमॅटन वाऱ्याने धुरळा पसरतो आणि फोटो करडे येतात, पण वाटा कोरड्या असतात. ओशुनचा उत्सव ऑगस्टमध्ये असतो. तो बघायचा असेल तर चिखल आणि गर्दी गृहीत धरावी. उत्सवाच्या दिवसांत शिल्पं नीट बघायला मिळत नाहीत, हे लक्षात घेऊन काय हवं ते ठरवावं.

पहिला दिवस : लागोस

मुंबईहून आदिस अबाबामार्गे येणारं विमान सोयीचं. घड्याळ साडेचार तास मागे करावं. विमानतळावर थोडेच नायरा, म्हणजे तिथलं चलन, घ्यावेत. शहरात कोपऱ्याकोपऱ्यावर छत्रीखाली पीओएस यंत्र घेऊन बसलेली माणसं असतात आणि स्थानिक लोक रोकड त्यांच्याकडूनच काढतात. परदेशी कार्ड तिथे चालेलच असं नाही, म्हणून डॉलरच्या कोऱ्या नोटा जवळ असाव्यात. मळक्या किंवा घडी पडलेल्या नोटेला भाव कमी मिळतो.

लागोस बेटावरची ब्राझिलियन वस्ती दुपारी पायी बघून घ्यावी. एकोणिसाव्या शतकात ब्राझीलमधून मुक्त होऊन परतलेले गुलाम आणि त्यांचे वंशज इथे स्थायिक झाले. त्यांच्यातले गवंडी-सुतार तिकडून एक बांधणी घेऊन आले: मजले, मधून जाणारा बोळ, कमानी, गिलाव्यात काढलेली वेलबुट्टी, कठड्यावर सिमेंटचे सिंह. ही धाटणी हळूहळू आतल्या गावांतही पोचली. ओसोग्बोतलं वेंगर यांचं घर याच जातीचं आहे. इथे बघून गेलं की तिथे त्यांनी काय बदललं ते ओळखता येतं. जुनी घरं भराभर पडत आहेत, तेव्हा दिसेल ते बघून घ्यावं.

दुसरा दिवस : लागोस ते ओसोग्बो

रस्त्याने सगळं अंतर जेमतेम सव्वादोनशे किलोमीटर आहे, पण लागोसच्या बाहेर पडायलाच कधी कधी दोन तास जातात. म्हणून इबादानपर्यंत रेल्वे बरी. 2021 मध्ये सुरू झालेली ही 157 किलोमीटरची नवी लाइन एबुटे मेट्टाहून निघून इबादानच्या मोनिया स्टेशनात संपते. तिकीट आधी काढून ठेवावं आणि पासपोर्ट हाताशी ठेवावा.

घोटाळा होतो तो मोनियाला. स्टेशन इबादानच्या उत्तर टोकाला आणि ओसोग्बोच्या गाड्या इवो रोडवरून. मधलं अंतर टॅक्सीने कापावं लागतं. इवो रोडच्या तळावर वडाप गाड्या उभ्या असतात. भरल्याशिवाय हलत नाहीत. घाई असेल तर दोन सीटचे पैसे द्यावेत. पुढे सुमारे 90 किलोमीटर, दोन तास धरावेत. वाटेत पोलिसांची तपासणी असते, पासपोर्टची झेरॉक्स दाखवली की बहुधा भागतं. अंधार पडल्यावर या रस्त्यावर असू नये. तिथली माणसंही हेच सांगतात.

ओसोग्बोत उतरलं की चारी बाजूंनी पिवळ्या रिक्षा घेरतात. त्यांना केके म्हणतात, आणि त्यांतल्या कितीतरी पुण्याच्या बजाजच्या. आवाज ओळखीचा, भाव करायची पद्धतही ओळखीची. एकट्याने सगळी रिक्षा घ्यायची असेल तर बसण्याआधी तसं सांगायचं, नाहीतर ती शेअर धरली जाते.

हॉटेल घेताना जनरेटर किती वाजेपर्यंत चालतो ते विचारून घ्यावं. ‘वीज आहे’ या उत्तरावर भागत नाही.

तिसरा दिवस : एडे

सकाळच्या नाश्त्याला आकारा: चवळी भिजवून, सालं काढून, वाटून तळलेले वडे. शाकाहारी माणसाला इथे सर्वांत बिनधास्त खाता येणारा पदार्थ हाच. त्याच चवळीचं वाफवलेलं मोइन-मोइन दिसायला निरुपद्रवी असतं, पण त्यात अंडं, मासा किंवा सुकी झिंगे-पूड हमखास सापडते. भाज्यांच्या रश्शातही तीच पूड पडते. ‘मांस नको’ एवढं सांगून भागत नाही. मासा नको, झिंगे नकोत, असं एकेक नाव घेऊन सांगावं लागतं. तळलेलं आणि भाजलेलं केळं सगळीकडे मिळतं.

एडे ओसोग्बोच्या नैर्ऋत्येला, केकेने सहज जाता येईल एवढ्या अंतरावर आहे. इबादानच्या विद्यापीठी वसाहतीत वेंगर आणि बायर रमले नाहीत आणि इथे राहायला आले. त्या सुमारास वेंगर यांना क्षय झाला होता. एडेमध्ये ओबाताला या ओरिशाचं, म्हणजे इथल्या योरूबा लोकांच्या देवतेचं, मोठं ठाणं आहे आणि त्याच्या मुख्य पुजाऱ्याच्या पदाला आजागेमो म्हणतात. त्या वेळच्या आजागेमोंनी वेंगर यांना हाताशी धरलं. वेंगर यांची योरूबा भाषा तेव्हा कच्ची होती. तरी पुढे रीतसर दीक्षा झाली आणि अडुन्नी हे नाव मिळालं. ओसोग्बोत आजही ‘वेंगर’ म्हणून विचारलं तर माणूस क्षणभर थांबतो. अडुन्नी म्हटलं की लगेच रस्ता दाखवतो.

ओबाताला गर्भातल्या देहाला आकार देणारा देव. त्याचं सगळं पांढरं: वस्त्र, मणी, शिआचं लोणी, नैवेद्याच्या गोगलगायी. ताडी वर्ज्य. अपंग आणि जन्मतः वर्णहीन त्वचेची माणसं त्याची लाडकी मानली जातात. ठाण्यात जायचं असेल तर काळे किंवा भडक लाल कपडे घालू नयेत. आधी निरोप पाठवावा, जाताना कोला फळं आणि थोडे पैसे न्यावेत, आणि द्यायचं ते उजव्या हाताने द्यावं. वडीलधाऱ्यांपुढे बायका गुडघे टेकतात आणि पुरुष पालथे होऊन दंडवत घालतात. पाहुण्याकडून पूर्ण दंडवताची अपेक्षा नसते, पण खाली वाकलेलं लगेच लक्षात घेतलं जातं. आतले फोटो विचारल्याशिवाय नाहीत. ‘नाही’ म्हणाले तर का म्हणून विचारू नये.

इथल्या वार्षिक उत्सवात आजागेमोंना पकडून नेण्याचं आणि मग एडेच्या राजाने, म्हणजे तिमीने, खंडणी भरून सोडवण्याचं नाट्य होतं. पकडलेला पुजारी प्रतिकार करत नाही. हा देव ज्या तऱ्हेचा संयम शिकवतो ती तऱ्हा समजली की उद्याच्या घरातल्या आणि परवाच्या देवराईतल्या कामाकडे वेगळ्या नजरेने बघता येतं.

एडेनंतर वेंगर काही काळ जवळच्या इलोबूला राहिल्या आणि मग ओसोग्बोला आल्या.

चौथा दिवस : इबोकुन रस्त्यावरचं घर

हे सरकारी संग्रहालय नव्हे. वेळ ठरवूनच जावं, आणि सकाळी जावं, कारण खालच्या खोल्या अंधाऱ्या आहेत.

ब्राझिलियन पद्धतीचं मजली घर. रस्त्याच्या बाजूला सिमेंटच्या आकृत्यांची जाळी लागते. ती आदेबिसी अकांजी यांच्या हातची. अकांजी मुळात गवंडी. सिमेंट ओलं असताना त्यातून प्राणी, घोडेस्वार, ढोलवाले घडवून ते चौकटीत एकात एक गुंतवायचे, ही त्यांची रीत. लागोसच्या कठड्यांवर सिंह दोन बाजूंना सुटे बसवलेले दिसतात. इथे आकृत्या हातात हात घालून अख्खी भिंत पेलतात. आत लाकडी दरवाजे, खांब, खुर्च्या कोरलेल्या. घरातली मांडणी जशी वाढली तशी ठेवली आहे, कुठेही पाटी नाही. त्यामुळे सोबत माहितगार नसेल तर देवतेची मूर्ती कोणती आणि बसायचं आसन कोणतं ते कळत नाही. टेकण्याआधी विचारावं.

याच घरात वेंगर यांचा दुसरा संसार झाला. बायर यांच्यापासून वेगळ्या झाल्यावर त्यांनी आयानसोला ओनिलू या स्थानिक ढोलवादकाशी लग्न केलं. ‘आयान’ने सुरू होणारी नावं ढोलवाल्या घराण्यांत असतात, म्हणजे हे घराणं गावातल्या प्रत्येक समारंभाला लागणारं. मुलं दत्तक घेतली, त्यांतली काही पुढे स्वतः पुजारी झाली. गावाशी बांधलं जाणं हे असं नात्यागोत्यातून, व्रतनियमांतून झालं. चित्रकार म्हणून मिळालेल्या मानाचा त्यात वाटा थोडा होता.

एक गल्लत सतत होते, ती इथेच सोडवावी. ओसोग्बोत 1960 च्या दशकात दोन वेगळे प्रवाह होते. एक, उली बायर आणि नंतर त्यांच्या दुसऱ्या पत्नी जॉर्जिना बायर यांच्या कार्यशाळांतून निघालेला: ट्विन्स सेव्हन-सेव्हन, मुराइना ओयेलामी, जिमोह बुराइमोह हे त्यातले. कॅनव्हास, छापचित्रं, प्रदर्शनं हे त्यांचं क्षेत्र. दुसरा वेंगर यांच्या भोवतीचा, ज्याला ‘नवी पवित्र कला’ म्हणतात. त्यातले कारागीर गवंडी, सुतार, कोरक्ये होते आणि त्यांचं काम देवळांसाठी होतं. बाजारात ‘ओसोग्बो स्कूल’ म्हणून दोन्ही एकत्र विकलं जातं. विकत घेताना कुठल्या प्रवाहाचं आहे ते विचारलं तर विकणारा एकदम सावध होतो, आणि किंमत जरा खाली येते.

पाचवा दिवस : ओशुनची देवराई

पूर्ण दिवस ठेवावा. प्रवेशाचं तिकीट वेगळं, कॅमेऱ्याचं वेगळं, व्हिडिओचं त्याहून जास्त. वाटाड्या घ्यावाच. बंद बूट, पूर्ण बाह्या, पाणी. आत मोना माकडं आहेत, हातात खाणं दिसलं की येतात.

शहराच्या दक्षिण कडेला, ओशुन नदीच्या वळणावर 75 हेक्टरांचं हे जुनं रान आहे. दक्षिण नायजेरियात असं मूळ उंच जंगल फार थोडं उरलं. आत सुमारे 40 देवस्थानं आणि नदीकाठी नऊ पूजास्थळं आहेत. शिकार, मासेमारी, वृक्षतोड यांना बंदी. नियम देवराईचेच, त्यामुळे कोकणातून आलेल्याला समजावून सांगावे लागत नाहीत. गोष्ट अशी सांगतात: लारोये आणि त्याचा शिकारी सोबती तिमेहिन पाणी शोधत इथे आले, झाड तोडलं, ते नदीत कोसळलं आणि तळातून आवाज आला की माझे रंगाचे रांजण फोडलेत. ओशुन रंगारीण होती. मग देवी आणि माणसं यांच्यात करार झाला, आणि इथला राजा, आताओजा, तो दर वर्षी नव्याने पाळतो.

1950 च्या दशकात हा करार ढिला पडला होता. पुजारी कमी झाले, मासेमारी-शिकार सुरू झाली, मूर्ती चोरीला जाऊ लागल्या, जमिनीवर डोळे गेले. सरकारी खात्याने आत सागाची रोपंही लावली. तेव्हा वेंगर यांनी हातात घेतलं ते पडझड झालेल्या देवळांच्या दुरुस्तीचं काम, स्थानिक गवंड्यांना घेऊन. ओजेवाले आमू हे त्यांतलं एक नाव. दुरुस्तीतून भिंती वाढल्या, भिंतींतून आकृत्या बाहेर आल्या. 1965 मध्ये देवराईच्या काही भागाला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला, 2005 मध्ये युनेस्कोच्या यादीत ती आली. सुकुरनंतर नायजेरियातलं हे दुसरंच स्थळ.

शिल्पांच्या आकाराला एक रोखठोक कारण होतं. लहान मूर्ती उचलून नेता येते. घराएवढं सिमेंट नेता येत नाही. आणि जिथे जमीन बळकावण्याची भीती, तिथे भिंत आणि देऊळ ही हद्दीची खूण ठरते. इया मापोची मूर्ती बघताना हे ध्यानात ठेवावं. ही बायकांच्या हस्तव्यवसायांची, रंगाऱ्यांची, कुंभारणींची देवी. मूर्ती एवढी पसरलेली आहे की एका जागेवरून पूर्ण दिसतच नाही. डावीकडून सुरू करून सावकाश फिरावं. ओग्बोनी या योरूबा वडीलधाऱ्यांच्या मंडळाच्या घराची छपरं उंच उसळलेली आहेत, त्यांच्यासाठी दुपारनंतरचा तिरपा उजेड बरा. कोरलेले लाकडी खांब कसाली अकांग्बे यांचे, दगडी चेहरे बुराइमोह ग्बादामोसी यांचे. वाटाड्या फक्त एकच नाव घेत असेल तर बाकीची विचारावीत.

आता खराबीबद्दल, कारण ती जागोजागी दिसते. सुरुवातीची पुष्कळ कामं तांबड्या मातीची, वर सिमेंटचं कवच. पावसाळ्यात माती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते. सिमेंट तसं हलत नाही, म्हणून कवच मातीपासून सुटतं. आत पोकळी होते, तिथे वाळवी आणि मुळं शिरतात. नंतरच्या कामांत आत लोखंडी सळ्या आहेत. सिमेंटमधल्या केसाएवढ्या चिरेतून पाणी सळीपर्यंत पोचलं की गंज धरतो. गंजलेलं लोखंड मूळच्यापेक्षा जास्त जागा घेतं आणि वरचा थर आतून फोडतं. सळीला समांतर जाणारी सरळ चीर आणि तिच्या कडेला तांबूस ओघळ दिसला, तर हेच समजावं. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा त्या मानाने साध्या, त्या बहुधा गिलावा लवकर वाळल्याच्या.

दुरुस्तीत सुटा थर काढायचा, सळी तारेच्या ब्रशने लखलखीत घासायची, फारच खाल्लेली असेल तर बदलायची, कडा ओल्या करून नवा गिलावा बसवायचा आणि निदान आठवडाभर ओलं गोणपाट टाकून ठेवायचं. घाई केली की नवा तुकडा पुढच्याच पावसाळ्यात सुटतो. फांदी पडून झालेलं नुकसान मात्र कुठल्याही निगेने टळत नाही. जंगल तोडायचं नाही हा नियम, आणि शिल्पं जंगलातच. हिरव्या-काळ्या शेवाळाला पाहून कुणी ‘घासून रंगवून टाका’ म्हणतो. तारेचा ब्रश शिल्पावर मारला तर पृष्ठभाग खरवडला जातो आणि पाणी आणखी मुरतं. आपण कुठेही टकटक करून बघू नये, टेकून फोटो काढू नये.

नदीचं पाणी पिऊ नये. वरच्या अंगाला सोन्यासाठी चाललेल्या खोदकामामुळे ते तपकिरी झालं आहे. 2022 च्या उत्सवात राज्य सरकारने तसा इशाराही दिला होता. भाविक तरीही बाटल्या भरून नेतात. पाहुण्यापुढे केली तर कपाळाला लावावं, ओठांना नाही.

उत्सवाला आलात तर त्याचा क्रम लक्षात ठेवा: सुरुवातीला इवोपोपो म्हणजे गावची शुद्धी, मग सोळा वातींचा दिवा, मग पूर्वीच्या आताओजांचे मुकुट एकत्र मांडून पूजा, आणि शेवटच्या शुक्रवारी आरुग्बाची मिरवणूक. आरुग्बा ही राजघराण्यातली कुमारिका, डोक्यावर नैवेद्याचा झाकलेला भोपळा घेऊन राजवाड्यातून नदीपर्यंत चालते. तिने ठेचकाळता कामा नये, म्हणून भोवती कडं असतं. त्या कड्यात कॅमेरा घेऊन घुसू नये, मार बसतो.

या शिल्पांवर आक्षेपही आहेत. योरूबा देवळांत असे आकार पूर्वी नव्हते, हे एका युरोपियन बाईच्या मनातलं आहे, असं म्हणणारे आहेत. आणि ओसोग्बोत मुसलमान व ख्रिस्ती बरेच, त्यांतल्या कित्येकांना हा प्रकारच नको आहे. पहिल्या आक्षेपात तथ्य आहे. आकार नवे आहेतच. पण देवस्थानं जुन्या जागीच आहेत, पूजा जुन्याच घराण्यांकडे आहे, आणि तो जंगलाचा तुकडा उरला आहे.

सहावा दिवस : निळीचा दिवस

वेंगर यांनी इथल्या बायकांच्या कपड्यावरच्या खळ-रंगकामात मोठे कथापट काढले. ती पद्धत, आदिरे एलेको, बघायला ओसोग्बोत निके डेव्हिस-ओकुंडाये यांचं केंद्र सोयीचं.

अडीच-अडीच वारांचे दोन पांढरे सुती तुकडे शिवून एक जोड होतो. कसाव्याच्या पिठाची खळ शिजवतात, त्यात थोडी तुरटी आणि मोरचूद. कोंबडीच्या पिसाने खळ कापडावर रेघेरेघेने काढायची, किंवा पत्र्याच्या साच्यातून दाबायची, एकाच बाजूला. मग सावलीत पूर्ण वाळवायची. खळ पातळ असेल तर रंग खालून शिरतो आणि पांढरी रेघ निळसर होते. जास्तच घट्ट झाली तर वाळताना तडकते.

रंग एलू या वेलीच्या कोवळ्या पानांचा. पानं कुटून गोळे करून उन्हात वाळवतात. राखेवरून पाणी गाळून खार तयार करतात, त्यात गोळे घालून मडकं काही दिवस आंबवतात. खार कमी पडला तर आंबलं तरी रंग चढत नाही, आणि मडकं वाया जातं. कापड बुडवून वर काढलं की आधी हिरवट दिसतं, हवा लागली की निळं होतं. असं पुन्हा पुन्हा. दर वेळी थोडा वेळच बुडवायचं. जास्त भिजलं तर खळ सुटते. हवी ती गडद छटा आली की वाळवून खळ खरवडून काढतात. ‘इबादानदुन’ हा नमुना बघायला मागावा: इबादानच्या मापो हॉलचे खांब त्यात ओळीने उभे असतात.

सातवा दिवस : परत

सकाळी लवकर निघावं, इबादानला दुपारची गाडी आहे का ते आदल्या दिवशी पाहून ठेवावं. लाकडी किंवा धातूची मूर्ती घेतली असेल तर राष्ट्रीय संग्रहालय आणि स्मारक आयोगाचं निर्गम पत्र लागतं. नवी वस्तू असली तरी लागतं, आणि विमानतळावर ते मिळवायला वेळ नसतो, म्हणून लागोसला एक दिवस हातात ठेवावा. निळीचं कापड वेगळ्या पिशवीत बांधावं. घरी पहिल्या तीन-चार धुण्यांना गार पाणी, मूठभर मीठ, साबण नाही, आणि बादलीत दुसरं काहीही नाही.